पाय दिसेपर्यंत

नदीवरची मोटर सुरू झाली की आधी पाइपातून नुसती हवा येते, खोकल्याच्या उबळीसारखी. मग पाइप दोन-चार गुळण्या टाकतो आणि मग येतं ते पाणी. यंदाही तसंच आलं. निळ्या फरशीवर पडलं, पसरलं, आणि बघता बघता फरशी दिसेनाशी झाली. सगळीकडे दूध कमी पडलेल्या चहाचा रंग. आमचे हे कपाळाला हात लावून म्हणाले, "झालं, आलं परत नदीचं पाणी." मी मात्र काठावर उभी राहून हसत होते. या पाण्याकडे बघून तुला हसू येईल असं दोन वर्षांपूर्वी कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्यालाच टाकीत ढकलून दिलं असतं.

टाकी म्हणजे स्विमिंग पूल. पाहुणे पूल म्हणतात, रस्त्यावरच्या बोर्डावर पूल लिहिलंय, पण घरात आम्ही टाकीच म्हणतो. कोळवणच्या या खोऱ्यात आजूबाजूची रानं शहरातल्या लोकांनी घेतली, बंगले बांधले, तेव्हा ह्यांच्या डोक्यात आलं की आपण विकायचं नाही. आपणच दोन खोल्या बांधायच्या आणि शनिवार-रविवार लोकांना राहायला द्यायच्या. खोल्या झाल्या. मग कळलं की पूल नसला की फोन करणारे "बरं, कळवतो" म्हणतात आणि कधीच कळवत नाहीत. म्हणून ही टाकी. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात), हे काही केल्या पटलं नाही. "म्हशी फुकाट डुंबत्यात," त्या म्हणायच्या, "आन् ही मानसं पैसं दिऊन डुंबत्यात. लई शिकल्याती बया!"

वैशाखात आमच्या खोऱ्यात पाणी खाली जातं आणि धूर वर. भाताची रोपं टाकायच्या आधी तेवढा जमिनीचा तुकडा भाजून घ्यायची पद्धत आहे. पालापाचोळा, शेण, वाळक्या डहाळ्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब भाजणं म्हणतात. सकाळी सगळ्या खोऱ्यावर निळसर धूर आडवा पसरलेला असतो, करवंदांच्या जाळ्यांपर्यंत पोचलेला. नाकाला तो वास एवढा सवयीचा की तो आला नाही तर मला वैशाख लागल्यासारखं वाटणार नाही. राबाची काळी राख उडत येते आणि टाकीत पडते. पाहुण्यांतल्या बायका तोंड वाकडं करून विचारतात, हे काय आहे? मी सांगते, तुम्ही दिवाळीनंतर पिशव्या भरभरून इंद्रायणी तांदूळ नेता ना, त्याची ही सुरुवात आहे. मग त्या फोटो काढतात.

एरवी टाकी आम्ही विहिरीच्या पाण्याने भरतो. पण वैशाखात विहीर प्यायला पुरली तरी मिळवली. मग नदीच्या बंधाऱ्यात जे साठलंय ते उचलायचं. त्यात काय नसतं? म्हशी, धुणी, शेवाळ, वरच्या अंगाला कुणी नवा बंगला काढला असेल तर त्याची लाल माती. सगळ्या खोऱ्याने पाय धुतलेलं पाणी. वर्षानुवर्षं हेच चाललंय, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

त्या वर्षी मात्र आम्हा सगळ्यांचा जीव त्या पाण्यात अडकला होता.

माघात आत्यांना अर्धांगाचा झटका आला. परसात वालाच्या शेंगा तोडत होत्या, एकदम खाली बसल्या आणि म्हणाल्या, "डावं आंग कुटं गेलं?" आम्हाला वाटलं थट्टा करतात. मग तोंड बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं. गाडीत घालून पुण्याला नेलं. वेळेवर पोचलो म्हणून पुष्कळ वाचलं. हात हळूहळू वळायला लागला. वाचा तर शाबूतच राहिली. देवाची कृपा, असं आम्ही सगळे म्हणालो. माझे सासरे, मामंजी, जरा हळू आवाजात म्हणाले.

पण डावा पाय वेगळाच होऊन बसला. म्हणजे हलायचा. ताकदही होती. फक्त तो कुठे आहे ते आत्यांना कळायचं नाही. खाली बघितलं तर दिसायचा, म्हणून टाकता यायचा. मान वर केली की पाय गेलाच. जमिनीला टेकलाय की अधांतरी आहे, सरळ आहे की मुडपलाय, काही म्हणजे काही कळायचं नाही. आपण पायाकडे बघत चालतो का कधी? त्यांना बघावंच लागायचं. कुणी हाक मारली, मान वळली, की पडल्या. परसात पडल्या, ओसरीवर पडल्या, एकदा तर नुसती मांजर आडवी गेली म्हणून पडल्या. आणि मग पडायला नको म्हणून उठायच्याच बंद झाल्या.

खिडकीजवळच्या खाटेवर त्या निजून असत. खिडकी टाकीच्या अंगाला. आयुष्यभर पाट्या उचलल्या, भात लावलं, भात कापलं, नवऱ्याला ओरडल्या, सुनेला ओरडल्या, ती बाई आता भांडं मागायलासुद्धा तोंड चुकवून मागायची. मला ओरडणंही बंद झालं. सासू ओरडत नाही याचं सुख व्हायला हवं होतं, पण मला ते ओरडणं हवंहवंसं झालं. मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घालून बघितलं. निमूट जेवल्या! त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मानसी मॅडम दर रविवारी स्कूटीवरून यायच्या. मारुंजीला खोली घेऊन राहणारी, हिंजवडीच्या एका दवाखान्यात नोकरी करणारी, आत्यांचा व्यायाम घेणारी पोरगी. बोलणं गोड, पण हात पोलादी. एक दिवस तिने खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "आजी, घरात पूल आहे आणि तुम्ही झोपून काय राहिलात? पाण्यात चालायचं. पाण्यात वजन हलकं होतं, तोल गेला तरी लागत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण एक अट आहे हं ताई. पाण्यात पाय दिसले पाहिजेत. स्पष्ट. पायाला काही कळत नाहीये, तर सध्या डोळ्यांनी त्याला शिकवायचंय. तळाची पाणी सोडायची जाळी दिसल्याशिवाय मी यांना पाण्यात उतरवणार नाही."

अंगणात स्कूटी सुरू करता करता ती मला जे म्हणाली ते मी घरात कुणालाच सांगितलं नाही. "ताई, खरं सांगू का? हेच महिने महत्त्वाचे आहेत. आत्ता जेवढं परत येईल तेवढं येईल. आत्ता बसल्या तर बसल्याच." त्या बसल्याच. म्हणजे ही खाट, ही खिडकी, ते तोंड चुकवणं, कायमचं.

आता टाकीची अवस्था ऐका. आत्या आजारी पडल्यापासून पाहुणे बंद, टाकीकडे कुणी फिरकलं नव्हतं. पाणी हिरवं झालं, बेडकांनी संसार थाटला, म्हणून ह्यांनी सोडून दिलेलं. टाकी कोरडी ठणठणीत. आणि वैशाख. विहीर तळाला. म्हणजे नदीचंच पाणी. भरलं. गुडघाभर खोलीवर हात बुडवला तर कोपराखालचा हात दिसेना. जाळी तर सोडाच, पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती. ह्यांनी फिल्टर लावला. तो थोड्या वेळात चोंदला, धुतला, परत चोंदला. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात ती पांढरी टीसीएल पावडर टाकली. वास सुटला, रंग तोच. दोन रविवार मानसी मॅडम आल्या, काठावर वाकून बघितलं, मान हलवली आणि आत जाऊन खाटेवरच व्यायाम घेतला. आत्या खिडकीतून बघत होत्या.

मग सुरू झालं तुरटीचं पर्व.

आमच्याकडे नळ यायच्या आधी नदीचंच पाणी प्यायचे. हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचा, झाकण ठेवायचं, गाळ खाली बसला की वरचं पाणी निवळून घ्यायचं. हे काम कुणा एकाचं नसायचं. ज्याचा हात हंड्याला लागला त्याने खडा फिरवायचा. सासू फिरवायची, सून फिरवायची, शाळेतून आलेलं पोरही फिरवायचं. कुणी फिरवली का, असं विचारायची रीतच नव्हती. हंडा बिचारा सगळ्यांचं सोसायचा. हा स्वभाव आमच्या अंगात इतका मुरलाय की चहात साखर दोनदा पडली नाही असा दिवस घरात जात नाही.

तर ह्यांनी सकाळी पौडच्या बाजारातून तुरटीची ढेपळं आणली, फडक्यात बांधली, बांबूला लटकवली आणि टाकीभोवती फेऱ्या मारल्या. लग्नात नवरदेव फिरतो तशी गंभीर मुद्रा. मग पिरंगुटला कामाला गेले. दुपारी मामंजींना वाटलं पोरगा नुसता बोलतो, करत काही नाही. त्यांनी पोत्यात उरलेली घेतली आणि बादलीत विरघळवून ओतली. संध्याकाळी मी बघते तर पाणी अजून गढूळच. म्हटलं पुरुषांच्या भरवशावर राहिलं तर झालंच, आणि मीही घरातली जुनी तुरटी टाकली. आणि पाणी फिरतं राहिलेलं बरं म्हणून फिल्टरची मोटरही चालू ठेवली.

दुसऱ्या दिवशी चहाचा रंग गेला होता. पण पाणी नितळ कुठलं? पांढरंफट. ताक ओतल्यासारखं. आधी कोपरापर्यंत हात दिसत होता, आता मनगटही दिसेना. मी काठावर बसून राहिले.

दुपारी जेवताना ह्यांनी विषय काढला. "एवढी तुरटी मारली, तरी असं का झालंय काय समजत नाही."

मामंजींनी भाकरी मोडता मोडता वर बघितलं. "तू कवा मारलीस? म्या मारली की."

माझा घास हातातच राहिला. "अहो, मी पण टाकली."

मग खाटेवरून आवाज आला, शांत, "म्या बी दिली हुती."

आम्ही तिघांनी एकदम माना वळवल्या. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही? कशी काय?"

"कशी म्हंजी? खिडकीतनं. उशाचा डबा हाय न्हवं, त्यात खडं व्हतं लोणच्याच्या येळचं. दिलं भिरकावून. उजवा हात धड हाय माजा."

आधी मामंजी हसायला लागले. मग हे. मला हसावं की टाकीत उडी घ्यावी कळेना. आणि मग आत्या हसल्या. पदर तोंडाला लावून, गदागदा. माघापासून पहिल्यांदा. माझी सगळी चिडचिड तिथेच विरघळली, आणि पाणी तसंच पांढरं राहिलं.

बाटलीत ते पाणी घेऊन मी पौडला हमीदचाचांच्या दुकानात गेले. बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान, पूल बांधणारे सगळे त्यांच्याकडूनच सामान नेतात. आमच्या लग्नाच्या आधीपासूनचं येणं-जाणं. "वहिनी कशा हायेत?" हा पहिला प्रश्न, वहिनी म्हणजे आत्या. मग बाटली उजेडात धरली, एक कागदाची पट्टी बुडवली. पट्टी पिवळीधमक पडली. "सुनबाई, आंबाट केलंत की वं पानी! किती जनांनी टाकली तुरटी?" मी सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. चाचा खुर्चीतून पडायचेच राहिले. "वहिनींनी खिडकीतनं! म्हंजी तब्येत बरी हाय मग." डोळे पुसत पुसत त्यांनी थोड्या पट्ट्या पुढ्यात ठेवल्या आणि समजावलं: तुरटी जास्त झाली की पाणी आंबट होतं आणि मग गाळ धरून बसतच नाही, तसाच तरंगत राहतो. धुण्याचा सोडा विरघळवून थोडा थोडा द्यायचा. मग मोटर बंद. पाणी हलवायचं नाही. "आन् समद्यात म्हत्त्वाचं, घरातल्या येकानंच हात लावायचा. बाकीच्यांचं हात बांधा."

घरी येऊन मी हुकूम सोडला. टाकीला कुणी शिवायचं नाही. आत्यांच्या उशाचा डबा ताब्यात घेतला. मामंजींना राबाच्या कामाला पिटाळलं. सोडा बादलीत विरघळवून काठाकाठाने सोडत गेले, मध्ये मध्ये पट्टी बघत. मोटर बंद केली. आणि मग काहीच करायचं नव्हतं. हेच सगळ्यात अवघड. माझा स्वभाव म्हणजे भात शिजला का हे बघायला दहादा झाकण उघडणाऱ्या बाईचा. मी पायरीवर बसले, उठले, परत बसले. उन्हं कलली तसं पाण्यात काहीतरी दिसायला लागलं. आधी वाटलं डोळ्यांचा भास. मग स्पष्ट दिसलं: तांदळाच्या कण्यांसारखे बारीक पांढरे कण. एकमेकांना चिकटत होते, जड होत होते आणि अगदी सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखे, खाली उतरत होते. मी श्वास रोखून बघत राहिले. आत्या खिडकीतून बघत होत्या. "बसतंय का गं?" त्यांनी विचारलं. मी नुसती मान हलवली. बोललं तर पाणी हलेल अशी भीती वाटली.

सकाळी उठल्याबरोबर धावत गेले. जाळी दिसत होती! टाकीच्या तळाची ती चौकोनी जाळी, तिची भोकंसुद्धा. वरचं पाणी असं नितळ की टाकी रिकामी आहे की काय असं वाटावं. जीव भांड्यात पडला. मी तिथूनच ओरडले, "आत्या, दिसली!"

पण तळाला करड्या गाळाची गोधडी अंथरलेली होती. ती काढायला लांब दांड्याचा ब्रश असतो, त्याला पाइप लावून मोटरने गाळ ओढून थेट बाहेर सोडायचा. ब्रश इतका हळू सरकवायचा की सरकतोय हे कळू नये. जरा घाई केली की गाळ उठला, आणि मग परत बसायची वाट बघा. माझ्यासारखीला ही शिक्षाच. दोनदा उठवला, दोनदा थांबले. तिसऱ्या खेपेला हात आपोआप मंद झाला. गढूळ पाणी पाइपातून आंब्याच्या झाडाखाली जात होतं, आणि ब्रशच्या मागे निळी फरशी एकेक करून उघडी पडत होती. मला अजूनही वाटतं की त्या सकाळी मी पहिल्यांदा एखादं काम हळू केलं. पुन्हा टीसीएल, पुन्हा थांबणं, पट्टीचा रंग नीट येईपर्यंत थांबणं. रविवारी मानसी मॅडमने वाकून बघितलं आणि अंगठा वर केला.

आत्यांना दोघांनी धरून पायऱ्यांवरून उतरवलं. कमरेइतकं पाणी. आणि काय झालं असेल? आजारपणात सोयीचा म्हणून त्यांच्या अंगात गाऊन असायचा. तो पाण्यात फुगून वर आला, छत्रीसारखा, आणि त्याखाली पाय गडप! एवढी तुरटी, एवढा सोडा, आणि शेवटी गाऊनने घात केला. मानसी मॅडम गाऊन खाली दाबतेय, तो दुसरीकडून फुगतोय. आत्या भडकल्या. "काढा मला! माजं लुगडं आना. ह्या झबल्याचा मला आदीपासनं राग हाय." मी नऊवारी नेसवलं, काष्टा घट्ट ओढला, आणि गुडघ्यावर खोचलं, भातलावणीला खोचतात तसं. खोचलेलं लुगडं बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागं झालं. पुन्हा उतरल्या. पाय दिसले. दोन्ही. पाण्यात जरा मोठे, जरा पांढरे, पण स्वच्छ.

मी काठावरून गमतीत म्हटलं, "आत्या, उभा जन्म चिखलात लावणी केलीत. तिथं कधी पाय दिसले होते का?"

त्यांनी वर बघितलं नाही. बघताच येत नव्हतं. "तवा पाय माजं व्हतं," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. दरवर्षी लावणीला मी पोटरीभर चिखलात उभी राहते, तेव्हा ते आठवतं. चिखलात आपले पाय किती शहाणे असतात! कुठे ढेकूळ, कुठे बांध, कुठे खेकड्याचं बीळ, सगळं त्यांचं त्यांना कळतं. आपण गप्पा मारत असतो, वर ढगांकडे बघत असतो. आपलं आपल्याला कळतंय, याचे आभार मानायचे हे कधी सुचतसुद्धा नाही. मी मानते आता. जरा वेड्यासारखं वाटतं, पण मानते.

त्यानंतर रोज संध्याकाळी उन्हं उतरली की टाकी. मी शेजारून काठाने चालायची, त्या पाण्यात. मान खाली, नजर डाव्या पायावर, आणि तोंड चालू. पायाशी बोलायच्या, औताच्या बैलाशी बोलावं तसं. "चल रं. हितं टेक. आरं हितं, तितं काय चाललायस?" पाहुण्यांचे फोन येत होते. सुट्ट्यांचे दिवस, आमची खरी कमाई त्यातच. हे सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "पूल बंद आहे." ह्यांच्यावर माझे हजार रुसवे असतील, पण त्या उन्हाळ्यात ह्यांनी ते वाक्य एकदाही कुरकुर न करता म्हटलं, तेवढ्यासाठी निम्मे माफ.

मामंजी रोज त्या वेळी राबावरून यायचे, अंगाला धुराचा वास, आणि टाकीच्या कट्ट्यावर तंबाखू मळत बसायचे. आत्या पलीकडच्या भिंतीला पोचल्या की मात्र मळणारा हात थांबायचा.

चालणं सुधारलं. पाण्यात आत्या एकट्या चालायला लागल्या, जमिनीवरही काठी घेऊन अंगणापर्यंत आल्या. पण मान खालीच. मानसी मॅडम विनवायची, "आजी, एकच पाऊल न बघता. एकच. मी आहे ना." आत्या ठाम. "वर बगिटलं की पाय जातुया. मला ठावं हाय." त्यांना पडायची नाही, त्या नसलेपणाची भीती वाटायची. मान वर करायची आणि खाली काहीच नाही. मी आग्रह सोडून दिला. पण मानसी मॅडमचं ते वाक्य डोक्यात होतं. जेवढं परत येईल तेवढं आत्ताच. ज्येष्ठ लागला होता. पायाकडे बघत अंगणापर्यंत, एवढंच का परत येणार होतं?

उन्हाने टाकीचं पाणी खाली गेलं होतं, म्हणून नदीचं थोडं वर भरलं. पुन्हा तुरटी, या वेळी एकाच हाताने, माझ्या. रात्रीत गाळ बसला, सकाळी पाणी नितळ. तो गाळ ओढायला मी ब्रश लावला आणि लाईट गेली. दुपार गेली, संध्याकाळ झाली, लाईटचा पत्ता नाही. मी म्हटलं, "आत्या, आज राहू द्या." मी गोठ्यात धार काढायला गेले. परत येते तर मामंजी कट्ट्यावर तंबाखू मळतायत आणि आत्या पाण्यात. काठी कट्ट्याला टेकवून ठेवलेली. लुगडं खोचलेलं. टाकीच्या मधोमध, जिथे पायऱ्यांजवळचा धरायचा दांडा पोचत नाही.

आणि त्यांच्या पावलांनी तळाचा गाळ उठत होता. आधी घोट्यांभोवती, मग पोटऱ्यांभोवती, करडा ढग वर वर येत होता. डावा पाय गेला. मग उजवाही गेला. आत्या थांबल्या. खाली बघत होत्या आणि खाली काहीच नव्हतं.

"आत्या, थांबा! हलू नका!" मी ओरडले, आणि धावले, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. दुधाची कासंडी बहुतेक मामंजींच्या पायाशी गेली. धप्पकन आवाज झाला, पाणी उसळलं, आणि उरलासुरला सगळा गाळ तळापासून वर आला. टाकीभर नुसता राखाडी लोट. डोळ्यांतलं पाणी पुसून मी बघते तर आत्या होत्या तिथे नव्हत्या.

त्या पलीकडच्या भिंतीशी होत्या. उभ्या. एक हात काठाच्या फरशीवर.

"अगं ए भवाने!" त्या कडाडल्या. "समदं पानी ढवळलंस की गं! रोज आमाला सांगतीयास, हळू, हळू, गाळ उठंल. आन् सवता म्हशीवानी उडी? लाज हाय का? आता ह्यो गाळ बसायचा कवा?"

मी कमरेभर गढूळ पाण्यात, साडी चिकटलेली, केस तोंडावर. आणि त्या भिंत सोडून माझ्या दिशेने निघाल्या. कुणाला तरी खडसावायचं असलं की जवळ जाऊन, डोळ्याला डोळा देऊन खडसावायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. "त्या हमीदभावजींनी सांगिटलं व्हतं न्हवं, पानी हलवायचं न्हाई? दूद बी सांडलंस. तुज्यापरीस ती बेडकं बरी, निदान हळू पवत्यात..." कट्ट्यावर मामंजी उठून उभे राहिले होते. हातातली तंबाखू कधीच खाली पडली होती. मी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर हुंदका फुटला असता, आणि त्या थांबल्या असत्या.

सगळी टाकी त्या बोलत बोलत चालत आल्या, माझ्या तोंडाकडे बघत. खाली त्यांनी एकदाही पाहिलं नाही.